आमचं फिरंगाण

माझ्या आजाला इतिहासातली एकही तारीख सांगता येत नव्हती, पण त्याचे शत्रू दोनच होते आणि ते पक्के होते: फिरंगी आणि खोत. एकाला हाकलून दोनशे वर्षं उलटलेली, दुसरा त्याच्या ऐन उमेदीत दर सुगीला खळ्यावर उभा राहणारा. आजा ओटीवर पानाचा डबा घेऊन बसला की दोघांचा उद्धार एकाच दमात व्हायचा. फिरंग्याच्या गोष्टीत मध्येच खोताचा माणूस शिरायचा, खोताच्या गोष्टीत पाद्री. माझे वडील मास्तर होते, सनावळ्या त्यांना पाठ. ते म्हणायचे, बाबांच्या डोक्यात सगळ्या काळांची खिचडी झाली आहे.

आमचं गाव एक्सर. बोरिवली पश्चिमेला राहणाऱ्यांना हे नाव आता मेट्रोच्या स्थानकामुळे कळतं. त्याच मार्गावर मंडपेश्वरही आहे. गावात दगडी वीरगळ आहेत, आणि त्यांवर चक्क आरमारी लढाई कोरली आहे: वल्ह्यांच्या रांगा, नावा, पडणारे वीर, वर स्वर्ग. तेराव्या शतकात शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात समुद्रावर जी झुंज झाली, तिचे हे दगड असावेत, असं अभ्यासक मानतात. आजा त्यांना नुसतं 'खांब' म्हणायचा आणि तेही फिरंग्याच्या लढाईचेच, असं ठासून सांगायचा. त्याच्या लेखी साष्टीत दुसरी लढाई झालीच नव्हती.

साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचं बेट. दक्षिणेला माहीमची खाडी, उत्तरेला वसईची, पूर्वेला ठाण्याची. वांद्रे, अंधेरी, बोरिवली, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड ही आपण लोकलच्या पाट्यांवर वाचतो ती सगळी नावं या एका बेटावरची. आणि हे बेट जवळजवळ दोनशे वर्षं पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांतात होतं. उत्तर कशाची, तर गोव्याची. गोव्यात बसलेल्या विजरईच्या नजरेने चौलपासून दमण-दीवपर्यंतचा किनारा म्हणजे 'नॉर्त'. त्याची राजधानी वसई. तिथल्या मुख्य अंमलदाराचं बिरुद 'उत्तरेचा जनरल'. गोव्यातले लोक इकडच्यांना 'नॉर्तेइरू' म्हणत. मराठ्यांच्या कागदांत या मुलखाला सरळ 'फिरंगाण' म्हटलं आहे.

हा प्रांत पोर्तुगीजांच्या पदरात पडला तो साष्टीतल्या कोणालाही न विचारता. गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या धास्तीने बेजार झाला होता. समुद्रावरून पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या छळत होता. एका वेळी दोन शत्रू परवडत नाहीत म्हणून सुलतानाने २३ डिसेंबर १५३४ रोजी वसई आणि तिच्या अमलातली बेटं पोर्तुगीजांना लिहून दिली. त्यात साष्टी होती आणि मुंबईही. त्या काळात मुंबई ही एवढी किरकोळ बाब होती की पुढे ते बेट गार्सिया द ओर्ता नावाच्या वैद्याकडे भाडेपट्ट्याने होतं. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. आंब्यापासून हिंगापर्यंत सगळ्याची चौकशी करणारा हा माणूस मला या सगळ्या गर्दीत एकटाच आवडतो.

आजाच्या गोष्टी मात्र तहापासून सुरू होत नसत. त्या विहिरीपासून सुरू होत. फिरंगी पाद्री आला, गावाच्या विहिरीत पावाचा तुकडा टाकला, सकाळी बायकांनी पाणी भरलं, आणि दुपारी दवंडी पिटली: पाणी प्यालात, बाटलात, आता तुम्ही आमचे. ही गोष्ट वसईपासून थेट खाली कोकणात कुठेही ऐकायला मिळते. विहीर बदलते, पाव तोच. लहानपणी मला ती ऐकून विहिरीत डोकावायची भीती वाटायची.

आमच्या घरामागच्या विहिरीवर दोन घरं पाणी भरायची. एक आमचं, दुसरं मावशीचं. मावशी ईस्ट इंडियन ख्रिस्ती, आजाहून चार-पाच वर्षांनी धाकटी, चौकड्याचं लुगडं, कपाळ मोकळं. सगळी आळी तिला मावशी म्हणायची. आजा तेवढा 'बाय' म्हणायचा आणि ती त्याला 'भाऊ'. आजाने पावाची गोष्ट काढली की ती कळशी कमरेवर तशीच ठेवून म्हणायची, "पाव टाकला तं मासं खातील ना भाऊ. अवढ्यावर कोन देव सोडतो?"

तिचा सवाल बिनतोड होता. साष्टीतली खेडीच्या खेडी ख्रिस्ती झाली, ती एका तुकड्याने झाली नाहीत. कशाने झाली, याची उत्तरं पुस्तकांत आहेत आणि ती पावाच्या गोष्टीपेक्षा बरीच कडू आहेत. देवळं पाडली गेली, उघड सण-उत्सवांना बंदी आली. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाने हुकूम काढला की ज्या हिंदू पोराला कोणी वडीलधारं उरलं नाही, त्याला पाद्र्यांच्या हवाली करावं. पुढे त्याचा अर्थ असा ताणला गेला की बाप गेला म्हणजे पोर अनाथ, मग आई दारात उभी असली तरी. ख्रिस्ती झालं की कामं मिळत, दुष्काळात तांदूळ मिळे. आणि हेही खरं, की काही पाद्री लोकांत राहिले, त्यांची भाषा शिकले, साथीच्या दिवसांत त्यांच्या उशाशी बसले. आजा यातला शेवटचा भाग ऐकून घ्यायचा नाही, मावशी पहिला.

आमच्या घरापासून मंडपेश्वर चालत जाण्याच्या अंतरावर. आम्ही पोरं तिथे पावसाळा सोडून वर्षभर खेळायचो. लेणं शैव, सहाव्या शतकाच्या सुमाराचं. पुढे खांबांचा मंडप, मागे गाभारा, बाजूला दालनं. १५४० च्या दशकात आंतोनियो द पोर्तो नावाचा फ्रान्सिस्कन पाद्री इथे आला. त्याने लेण्याचं मरियेचं देऊळ केलं. नंतर वरच्या अंगाला मठ आणि विद्यालय उभं राहिलं, त्यात धर्मांतरितांची आणि अनाथ पोरं शिकायची. त्या इमारतीच्या उंच भिंती लेण्याच्या डोक्यावर अजून उभ्या आहेत, छप्पर नाही, कमानींतून झाडं उगवलेली. डावीकडच्या दालनात नाचणारा शिव आहे, अनेक हातांचा, भोवती गण आणि देव. आणि लेण्यातल्या एका भिंतीवर मोठा क्रूस आहे. तो रंगवलेला किंवा खिळ्याने ठोकलेला नाही. आधीची मूर्ती छिन्नीने तासून, तिच्याच दगडातून तो उठवला आहे. जवळ जाऊन हात फिरवला तर क्रूसाची कड गुळगुळीत लागते, आणि भोवतालची भिंत खरखरीत, टाक्यांच्या घावांनी भरलेली. कुठे काय होतं ते ओळखू येत नाही, पण काहीतरी होतं एवढं बोटांना कळतं.

या लेण्याबद्दल आजाची एक लाडकी कथा होती: आतून भुयार निघतं, ते थेट कान्हेरीला आणि तिथून वसईच्या किल्ल्यात. एकदा एक माणूस मशाल घेऊन शिरला, तो कित्येक दिवसांनी दाढी वाढवून बाहेर आला. वडील यावर वैतागायचे. पुढे कधीतरी मी दियोगो द कोउतो या पोर्तुगीज बखरकाराची हकिगत वाचली. त्यात हाच आंतोनियो द पोर्तो वीसेक माणसं, शिधा आणि दिवट्या घेऊन कान्हेरीच्या भुयारात शिरतो, सात दिवस खोल्या आणि पाण्याची टाकी ओलांडत हिंडतो आणि शेवट न सापडता परत येतो! म्हणजे ज्या पाद्र्याला आजा जन्मभर शिव्या देत होता, त्याच्याच नावावरची गोष्ट तो आम्हाला रंगवून सांगत होता. भुयार खरं नसेलही. साष्टीत मात्र ते सर्वांनी मिळून खणलेलं आहे.

धर्माबद्दल दोन्ही घरांत एवढं बोललं जायचं, पण उत्तर प्रांताचा खरा कारभार ज्यावर चालला त्याबद्दल वडिलांच्या पुस्तकांतही चारच ओळी असायच्या. ती गोष्ट जमिनीची. पोर्तुगीजांनी साष्टीची गावं वाटून टाकली. राजाची चाकरी केलेल्या सरदारांना, त्यांच्या विधवांना, मुलींच्या लग्नात हुंडा म्हणून, आणि पाद्र्यांच्या संघांना. तीन पिढ्यांपुरतं गाव, त्याबद्दल सरकारला ठरलेला फोर, कधी वर घोडा पोसण्याची अट. गावाचा धनी बहुधा वसईच्या कोटातल्या वाड्यात राहायचा. कोटातल्या रस्त्यांवर पालख्या, बाहेर भातखाचरं आणि मिठागरं. जेझुइटांकडे पुढे इतकी गावं जमली की साष्टीत सर्वांत मोठे जमीनदार तेच झाले.

१६९५ साली जेमेली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी इथून गेला. कान्हेरी पाहायला म्हणून आला होता, पण त्याने शेतकरीही पाहिला. तो लिहितो की इथले कुळवाडी, मग ते ख्रिस्ती असोत, मुसलमान असोत की हिंदू, धन्याचे वेठबिगारच आहेत. जमीन कसलीच पाहिजे, खंड भरलाच पाहिजे, आणि कोणी दुसऱ्या गावात पळून गेला तर त्याला जबरीने धरून परत आणतात. हे वाचलं तेव्हा मला आजाची ओटी आठवली. बाप्तिस्मा घेतल्याने खंड माफ होत नव्हता. मावशीचा पूर्वज आणि आमचा पूर्वज एकाच बांधावर, एकाच धन्यासाठी भात झोडत होते. एकाने रविवारी देवळात जायचं, दुसऱ्याने रात्री चोरून गावदेवीला नारळ वाढवायचा, एवढाच फरक.

'देवळात' हा शब्द मी मुद्दाम वापरला. मावशी चर्चला देऊळच म्हणायची. तिच्या घरची लग्नं आमच्या घरच्यांसारखीच मांडवाखाली व्हायची. आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर उंबराचं पाणी आणायला जायच्या. घुमट वाजायचा, गाणी म्हटली जायची, आणि विहीर आमचीही असल्यामुळे आजी ओटी भरायला पुढे. सोयरिकी मात्र त्यांच्या आपसांतच, वाडवळ ख्रिस्त्याची वाडवळ ख्रिस्त्याशी, कोळ्याची कोळ्याशी. पोर्तुगीजांना देव बदलता आला, जात काही बदलता आली नाही.

मे महिन्यात मावशीच्या अंगणात बाटली मसाला व्हायचा. दोन प्रकारच्या मिरच्या उन्हात कडकडीत वाळवलेल्या, धणे, तीळ, खसखस, हळकुंड, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, तिरफळ असे जिन्नस वेगवेगळ्या सुपांत. मातीच्या खापरावर एकेक भाजायचा, ठसक्याने गल्लीतली कुत्री पळायची. मग कुटणाऱ्या बायका यायच्या. लाकडी उखळाभोवती तिघी उभ्या, तीन मुसळं एकामागोमाग एक पडायची, कधी एकमेकींवर आपटली नाहीत. तोंडाला फडकी बांधलेली, भुवया लाल. चाळलेला मसाला बिअरच्या तपकिरी बाटल्यांत भरायचा, आणि तो भरणं म्हणजे कला: थोडा ओतायचा, काठीने ठेचून बसवायचा, पुन्हा ओतायचा, आत हवा राहता कामा नये. एक बाटली आमच्या घरी यायची. आजा त्यातला मसाला कालवणात घालून मिटक्या मारत फिरंग्याला शिव्या द्यायचा. त्या कालवणातली मिरची हिंदुस्थानात फिरंग्यानेच आणली, हे वडिलांनी एकदा त्याला सांगितलं. आजाने जेवण थांबवलं नाही. "आणली ना? मग गेला तेव्हा ठेवून गेला. बरं केलं," एवढंच म्हणाला.

फिरंगी कसा गेला, ही आजाच्या भांडारातली सर्वांत मोठी गोष्ट. तिला दोन रात्री लागत. अंजूरच्या गंगाजी नाईकांचं नाव तो घरच्या माणसाचं घ्यावं तसं घ्यायचा. त्यांनी पुण्याला खेपा घातल्या, साष्टीची गाऱ्हाणी बाजीरावाच्या कानावर घातली. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं. तिथला कोट फिरंग्याने तेव्हा बांधायला काढलेला होता आणि पुरा झाला नव्हता. ठाण्यापाठोपाठ साष्टी गेली. मग वसई. चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला. महिने गेले, कोट पडेना, तेव्हा अप्पा म्हणाले, किल्ला मिळत नसेल तर निदान माझं मस्तक तोफेने आत पडेल असं करा. इथे आजाचा आवाज हमखास कापायचा. मग तटाखाली सुरुंग, खिंडार, आणि मे १७३९ मध्ये फिरंग्यांचा शरणागतीचा तह. आपापलं चीजवस्त घेऊन ते गलबतांत बसले. घंटा हत्तींवर चढवून देशावर गेल्या. हत्तीचं मला माहीत नाही, पण घंटा गेल्या हे खरं. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे तिच्यावर १७२१ चा आकडा आहे. मेणवलीला आहे, भीमाशंकरला आहे.

मावशीकडे हीच गोष्ट अगदी थोडक्यात होती. तिच्या आजीने तिला सांगितलेली. पाद्री रातोरात होडीतून गेले, मोठ्या घरांतले फिरंगी गेले, देवळाची घंटा नेली. "वाजवनारा हितंच राह्यला," ती म्हणायची. "आमी कुटं जानार? भात हितं, मानसं हितं." वांद्र्याच्या मोत माउलीची मूर्ती त्या धामधुमीत माहीमला नेऊन ठेवली होती, ती पुढे परत आली, हे मात्र ती सविस्तर सांगायची. माउलीची मूर्ती एकदा समुद्रात गेली होती आणि कोळ्याला स्वप्न पडून ती जाळ्यात सापडली, हेही. सप्टेंबरच्या जत्रेला ती जाताना आमची आजी तिच्याबरोबर मेणबत्तीचे पैसे पाठवायची, आजाला न कळता. म्हणजे आजाला कळत होतंच.

मावशीची ही छोटी गोष्ट मला वयाबरोबर मोठी वाटू लागली आहे. आपल्याकडे वसईची मोहीम सांगताना आपण १७३९ च्या मे महिन्यात थांबतो. पण साष्टीत त्यानंतर काय झालं? तहात पाच चर्चं चालू ठेवायला परवानगी होती. गोरे पाद्री गेल्यावर कारभार देशी पाद्र्यांच्या हाती आला. १७६० मध्ये आंकतील द्युपेराँ हा फ्रेंच विद्वान, ज्याने पुढे पारशांचा अवेस्ता युरोपला नेला, साष्टीतून लेणी पाहत फिरला. मराठ्यांच्या अमलात ख्रिस्ती लोक आपले सण उघडपणे करताना त्याला दिसले. काही कुटुंबं शुद्ध होऊन परत हिंदू झाली. ठाणे जिल्ह्यातले काही ख्रिस्ती आगरी तर १८२० च्या दशकात, इंग्रजी अंमल आल्यावर परतले. त्यांना 'उरप आगरी' म्हणत आणि त्यांच्यात गोमस, सोज, फर्नान अशी आडनावं टिकून राहिली. बहुतेक ख्रिस्ती मात्र ख्रिस्तीच राहिले. त्यांना राखणारी पोर्तुगीज फौज नव्हती, विजरई नव्हता, तांदूळ वाटणारं कोणी नव्हतं. तेव्हा दोनशे वर्षांपूर्वी जबरदस्तीने किंवा लालसेने सुरू झालेली गोष्ट त्या वेळेपर्यंत त्यांची स्वतःची झाली होती, हे मानायलाच हवं. आजाने ते मानलं नसतं. मी मानतो.

मराठ्यांचा अंमल साष्टीवर जेमतेम सदतीस वर्षं टिकला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं घेतलं, १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. मुंबई बेट त्यांना आधीच, १६६१ सालच्या तहाने, पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात आंदण मिळालं होतं; ते प्रत्यक्ष ताब्यात द्यायची वेळ आली तेव्हा गोव्याचा विजरई आंतोनियो द मेलो इ कास्त्रो याने राजाला कळवळून लिहिलं होतं की इंग्रज तिथे बसले की हिंदुस्थान आपल्या हातून गेलं समजा. त्याचं भाकीत खरं ठरलं.

आणि आता आजाचा दुसरा शत्रू. ईस्ट इंडिया कंपनीने साष्टीची गावं पुन्हा वाटायला काढली. १८०८ साली कुर्ला, मोहिली, कोळेकल्याण, मरोळ, सहार, असल्पे आणि परजापूर ही गावं होरमसजी बमनजी वाडियांना दिली गेली. कशाच्या बदल्यात? अपोलो बंदराच्या दरवाज्याजवळ कंपनीला हव्या असलेल्या त्यांच्या एका जमिनीच्या तुकड्याच्या. ज्या सहारवर आज आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे ते गाव या सौद्यात होतं. पवई फ्रामजी कावसजींकडे गेली, तिथे त्यांनी आंबे आणि ऊस लावला. साष्टीचे हे खोत आणि जमीनदार मुंबईत राहायचे, त्यांचे कारकून सुगीला खळ्यावर यायचे. वसईच्या कोटातला धनी जाऊन मुंबईच्या कोटातला आला. मुंबई सरकारने साष्टीच्या या जमीनदाऱ्यांची सारामाफी संपवणारा कायदा केला तो १९५१ साली. आजा तेव्हा साठीच्या घरात होता. फिरंगी आणि खोत त्याच्या तोंडी एकत्र का यायचे, हे वडिलांच्या सनावळ्यांतून कधी कळलं नसतं. त्याच्या डोक्यात काळाची खिचडी झालेली नव्हती. तो १५३४ ते १९५१ हा एकच अंमल धरून चालला होता, आणि कुळाच्या बाजूने पाहिलं तर त्याचं चूक नव्हतं.

मावशीच्या लोकांना इंग्रजी अमलात एक वेगळी अडचण आली. गोव्याहून आणि मंगळुरूहून ख्रिस्ती माणसं नोकरीला मुंबईत येऊ लागली. सगळ्यांची आडनावं पोर्तुगीज, मग सरकारी नोकरीत इथला कोण आणि तिथला कोण? म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, इथल्या ख्रिस्त्यांनी संघटना काढून 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. कंपनीचा अंमल संपून तीस वर्षं होत आली होती. घरात मराठी, ताटात भात आणि बोंबील, आणि नाव एका गोऱ्या व्यापारी कंपनीचं! मावशीला विचारलं तर म्हणायची, "नाव कागदाला. आमी तं हितलेच."

दोन्ही घरांची भातखाचरं १९६० ते ८० च्या दरम्यान गेली. त्यात कोणी एक खलनायक नव्हता. थोडी विकली, थोडी रस्त्यात, थोडी शाळेच्या मैदानाच्या आरक्षणात. फिरंग्याने जमीन घेतली तरी कसणारा तिथेच ठेवला होता, मराठ्यांनी ठेवला, कंपनीने ठेवला, खोतानेही ठेवला. भात कोणी पिकवायचा हा सर्वांचाच प्रश्न होता. मुंबईला भाताची गरज नव्हती. विहीर आता सोसायटीच्या आवारात आहे, वर लोखंडी जाळी. गावठाण म्हणून जे उरलं ते चार गल्ल्या, एक क्रूस, एक गावदेवी. प्लेगच्या दिवसांत ठिकठिकाणी उभे केलेले असे क्रूस वांद्र्यापासून दहिसरपर्यंत कितीतरी गल्ल्यांच्या तोंडाशी आहेत, आणि रस्तारुंदीच्या नकाशांत ते एकेक करून येत आहेत.

अंधेरीला सीप्झच्या कुंपणाच्या आत एक जुनं देऊळ आहे. जेझुइटांनी १५७९ साली बांधलेलं, संत जॉन बाप्तिस्ताचं, कोंडिवट्याचं. १८४० च्या साथीत गाव ओस पडलं, माणसं मरोळला सरकली, आणि देवळातला बाप्तिस्म्याचा कुंडही त्यांनी बरोबर नेला. १९७३ मध्ये भोवताली निर्यात क्षेत्र झालं. आता तिथे दागिने आणि सॉफ्टवेअर तयार होतं, फाटकावर पास लागतो, आणि मरोळच्या ख्रिस्त्यांना आपल्या वाडवडिलांच्या देवळात वर्षातून एकदा मिस्सा करायला जाता येतं. छप्पर नाही, भिंती जाड आणि काळ्या, पण कमान शाबूत आहे. याउलट मढजवळच्या एरंगळला जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी समुद्रकाठच्या पोर्तुगीजकालीन चर्चची जत्रा भरते, तिथे कोणाला पास लागत नाही. ख्रिस्ती आणि हिंदू कोळी दोघेही येतात, मासळी भाजली जाते, रात्र होईपर्यंत कोणी हलत नाही.

उत्तर प्रांताची कागदपत्रं लिस्बनला आहेत, गोव्याच्या पुराभिलेखागारात आहेत, पुण्याला पेशवे दफ्तरात आहेत. त्यांत राजे आहेत, जनरल आहेत, तह आहेत. कुळं फारशी नाहीत. त्यांचे कागद असलेच तर अंधेरी, मरोळ, कुर्ला, एक्सर, गोराईच्या घरांत, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत: खोताने दिलेली खंडाची पावती, कुळकायद्याची नोटीस, लग्नाचा घुमट वाजवणाऱ्यांचा फोटो, बाप्तिस्म्याचा दाखला, शुद्धीच्या वेळची एखादी चिठ्ठी. घर पुनर्विकासाला जातं तेव्हा पहिली ती ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते. मनोरीला ईस्ट इंडियन लोकांनी आपल्या हिमतीवर एक लहानसं संग्रहालय उभारलं आहे, लुगडी, दागिने, भांडी, शेतीची अवजारं तिथे ठेवली आहेत. असं काही वाडवळांनी, आगऱ्यांनी, भंडाऱ्यांनीही करायला हरकत नाही; पण ते होईपर्यंत एवढं तरी करा. घर खाली करण्याआधी ट्रंक उघडा, कागद फोनवर टिपून घ्या, आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल तर त्या कागदावरचं नाव कोणाचं आणि जमीन कुठली, ते त्यांना विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा.